इशारा: भाडे घेता, हिशेब दाखवा

रेल्वे प्रशासनास,

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

हा इशारा आहे. मुदत ३० दिवसांची आहे.

आम्ही कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसारा आणि कर्जतहून पहाटेची लोकल पकडणारे आम्ही. डहाणूहून विरारकडे येणारे आम्ही. गणपतीला कोकणात उतरणारे चाकरमानी आम्ही. मनमाड-नाशिकहून रोज मुंबई गाठणारे पासधारक आणि भुसावळ, दौंडच्या फलाटावर पॅसेंजरची वाट पाहणारे शेतमजूरही आमच्यातच आहेत.

आजवर प्रत्येक मार्गाची संघटना आपापले पत्र लिहीत होती. हे पत्र सगळ्यांचे मिळून एक आहे.

आम्ही नवी गाडी मागितलेली नाही. नवा पूल मागितलेला नाही. या पत्रात भाडेकपातही मागितलेली नाही.

आम्ही भरतो ते भाडे कशाकशाचे, ते आम्हाला वाचता येईल अशा भाषेत लिहा. गाडी किती वाजता, किती डब्यांची, कोणत्या फलाटावर, ते वेळेत आणि खरे सांगा. नियम बदलला तर पैसे घेण्याआधी सांगा. दंडाची पावती फाडताना नव्हे.

मागणी एवढीच आहे. एवढ्यासाठी आमची वर्षे गेली.

ज्या कार्यालयांचे उंबरे आम्ही झिजवले, त्यांची नावे इथे घेत नाही. त्यांना ती ठाऊक आहेत.

तिथे आमची पत्रे घेतली गेली. त्यावर शिक्के बसले. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असे लिहून आले. पुढच्या पत्राला 'वरिष्ठांकडे पाठवले आहे' असे उत्तर आले. त्यापुढच्या पत्राला उत्तर आले नाही.

शिष्टमंडळे गेली. चहा मिळाला, आश्वासन मिळाले. अधिकारी बदलले की आश्वासनही त्यांच्याबरोबर बदलून गेले. नव्या साहेबांना आम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगितले. शांतपणे सांगितले.

त्या शांतपणाचा अर्थ तुम्ही चुकीचा लावला. आम्ही थांबलो होतो. हटलो नव्हतो.

आता मुद्द्याचे.

आम्ही जे मागतो ते कायद्यात आधीच लिहिलेले आहे. रेल्वे अधिनियम, १९८९. कलम ४९.

प्रत्येक स्टेशनात, सहज दिसेल आणि सहज पोहोचता येईल अशा जागी, तिथे थांबणाऱ्या प्रवासी गाड्यांचे वेळापत्रक लावायचे. त्या स्टेशनापासूनच्या भाड्यांची यादी लावायची. हिंदीत, इंग्रजीत आणि त्या भागातल्या प्रादेशिक भाषेत. महाराष्ट्रात ती भाषा मराठी आहे.

जिथे तिकिटे विकली जातात, त्या प्रत्येक स्टेशनात चालू वेळापत्रकाची एक प्रत स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात ठेवायची. हेही त्याच कलमात आहे.

कोणकोणत्या स्टेशनांची भाडी लावायची, हे ठरवण्याची मुभा कायद्याने प्रशासनाला दिली आहे. एकही न लावण्याची मुभा दिलेली नाही.

आमच्या स्टेशनांत जाऊन भिंती पाहा. जाहिरात आहे. स्वच्छतेचे घोषवाक्य आहे. सेल्फीची चौकट आहे. भाडेतक्ता बऱ्याच ठिकाणी नाही. जिथे आहे, तिथे तो पुसट झालेला, जुन्या दरांचा, रद्द झालेल्या गाड्यांचा आहे. जुना दर लावून ठेवणे हे न लावण्याहून वाईट. तो वाचून माणूस मोजून पैसे आणतो आणि खिडकीवर अडतो.

कलम ५० सांगते की तिकीट खिडकी किती ते किती उघडी राहील, ते लावले पाहिजे. सर्वात खालच्या वर्गाच्या तिकिटावरचा तपशील प्रादेशिक भाषेतही असला पाहिजे, असेही ते सांगते. यंत्रामुळे जमत नसेल तर केंद्र सरकार सूट देऊ शकते, अशी वाट त्यात ठेवली आहे. कायदा झाला तेव्हा यंत्रांना मराठी छापणे अवघड होते, हे आम्ही मान्य करतो. आज स्वस्तातल्या फोनवरही मराठी उमटते. ते कारण संपले.

आता दुसरी बाजू पाहा.

योग्य तिकिटाशिवाय प्रवासी सापडला तर कलम १३८ लागते. भाडे भरायचे, वर तेवढाच किंवा किमान २५० रुपयांचा अधिभार भरायचा. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर तिथे चालत नाही. साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढलेल्या खेड्यातल्या बाईला ते चालत नाही. वेटिंगचे तिकीट घेऊन आरक्षित डब्यात बसलेल्या विद्यार्थ्याला ते चालत नाही. पासावर कोणत्या एक्सप्रेसमध्ये बसता येते आणि कोणत्या नाही, हे विचारत फिरणाऱ्या नव्या नोकरदाराला ते चालत नाही.

आमच्या अज्ञानाची किंमत ठरलेली आहे. ती आम्ही भरतो आणि पावती घेतो.

ते अज्ञान ज्यांच्या मौनातून तयार होते, त्यांच्यासाठी किंमत ठरलेली नव्हती. ती आता ठरेल.

सर्वात मोठा हिशेब पॅसेंजर गाड्यांचा आहे. तो आम्ही विसरलेलो नाही.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. त्याबद्दल आमची तक्रार नाही. साथ होती. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या नंबरांच्या आधी शून्य लागला होता आणि नावात 'स्पेशल' हा शब्द आला होता. गर्दी टाळण्यासाठी हे केले आहे, असे सांगण्यात आले. तेही आम्ही ऐकून घेतले.

पुढे पॅसेंजर गाड्याही परतल्या. तेच रूळ, तेच डबे. भाडे मात्र मेल-एक्सप्रेसचे. किमान १० रुपये होते, तिथे ३० झाले.

तालुक्याच्या बाजाराला भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईने १० ऐवजी ३० दिले. परत येताना पुन्हा ३० दिले. पाटीतल्या मेथीचा भाव तिप्पट झाला नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मेल-एक्सप्रेस गाड्यांचा 'स्पेशल' दर्जा काढण्याचा आदेश निघाला. नंबर पूर्ववत झाले. पॅसेंजरचे भाडे पूर्ववत झाले नाही. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. मधल्या काळात साथ ओसरली, शाळा उघडल्या, जत्रा भरल्या, निवडणुका झाल्या. ३० रुपये तसेच राहिले.

किती काळ घेणार, का घेणार, कधी थांबवणार, हे त्या बाईला कोणी सांगितले नाही. ती ज्या खिडकीवर उभी होती, त्या खिडकीवर एक कागदही लागला नाही. भाडे उतरले तेव्हाही तिला ते कळले खिडकीतून परत आलेल्या सुट्ट्या पैशांवरून.

आमच्या दृष्टीने हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. भाडे वाढवण्याचा अधिकार सरकारकडे आहे. न सांगता वाढवण्याचा अधिकार कोणाकडेही नाही.

ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२० रोजी थांबली. ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के होती. ती तात्पुरती थांबली की कायमची गेली, हे एका ओळीत लिहून लावा. म्हातारी माणसे आजही आधार कार्ड पुढे करून खिडकीवर विचारतात. आतला कारकून मान हलवतो. त्याच्याही हातात दाखवायला कागद नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. खिडकीतला कारकून, फलाटावरचा गार्ड, उद्घोषणा करणारी मुलगी, यांच्याशी आमचे भांडण नाही. नियम त्यांनाही उशिराच कळतो. शिव्या मात्र आधी त्यांना पडतात. हे पत्र त्यांच्या वरच्यांसाठी आहे.

आता तिकिटावरच्या आकड्याचे.

आरक्षित तिकिटाच्या रकमेत मूळ भाडे असते. आरक्षण शुल्क असते. गाडी सुपरफास्ट असेल तर तो अधिभार असतो. एसी असेल तर ५ टक्के जीएसटी असतो. तत्काळ असेल तर ते शुल्क असते. ऑनलाइन काढले तर सुविधा शुल्क असते, आणि तिकीट रद्द झाले तरी ते परत येत नाही. वेटिंगचे ई-तिकीट शेवटपर्यंत पक्के झाले नाही, म्हणजे जागा मिळालीच नाही, तरी प्रत्येक प्रवाशामागे ६० रुपये आणि कर कापला जातो.

तिकिटावर भाडे म्हणून एकच आकडा येतो. त्याची पूर्ण फोड येत नाही.

जागा नसते असे म्हणू नका. २०१६ पासून तिकिटांवर एक ओळ छापली जाते. प्रवासाच्या सरासरी खर्चापैकी केवळ ५७ टक्केच रेल्वे वसूल करते, अशी. उरलेले ४३ टक्के देशातले सामान्य नागरिक सोसतात, असेही प्रवाशाला सांगितले जाते. ते सामान्य नागरिक म्हणजे आम्हीच.

ती ओळ छापायला जागा होती. तर हिशेब छापायलाही आहे.

राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला सप्टेंबर २०१६ मध्ये चढते भाडे लागले. दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की भाडे १० टक्क्यांनी वर. सकाळी काढलेले तिकीट आणि संध्याकाळी काढलेले तिकीट यांचा दर वेगळा. प्रीमियम तत्काळमध्येही तसेच. या पद्धतीवर आमचे मत आहे, ते दुसऱ्या पत्रात. या पत्रात एवढेच, की पुढच्या पायरीला दर किती होणार, हे विकत घेणाऱ्याला आधी दिसले पाहिजे.

सुपरफास्टचा अधिभार वेगासाठी आहे. सरासरी ताशी ५५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला तो लागतो. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले, की रेल्वेच्या दोन झोनमधल्या काही सुपरफास्ट गाड्यांनी तो वेग गाठला नाही आणि तरी ११ कोटींहून अधिक रुपयांचा अधिभार वसूल झाला. हे आमचे म्हणणे नाही. सरकारच्याच लेखापरीक्षणाचे आहे.

कोकणाचे स्वतंत्र सांगावे लागेल.

कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सुरू झाला. त्यासाठी कोकणातल्या माणसाने जमिनी दिल्या. बोगद्यांसाठी डोंगर फुटले, काम करताना माणसे गेली. मार्ग महागात पडला, हे आम्ही जाणतो. तो खर्च भरून निघावा म्हणून त्या मार्गावर भाडे प्रत्यक्ष अंतरावर आकारले जात नाही. अंतर ४० टक्के वाढवून धरले जाते आणि त्या वाढीव अंतरावर भाडे लागते.

किती चाकरमान्यांना हे माहीत आहे? मुंबईहून मडगावला जाणारा माणूस तिकिटावरचे किलोमीटर वाचतो आणि तेच खरे मानतो. ते रुळांचे किलोमीटर नाहीत, आकारणीचे आहेत.

ही आकारणी योग्य की अयोग्य, यावर लोकप्रतिनिधी बोलत आले आहेत. बोलोत. आमचे मागणे सोपे आहे. तिकिटावर दोन्ही आकडे छापा. खरे अंतर इतके, आकारलेले अंतर इतके. मग कोकणातला माणूस ठरवेल काय मागायचे ते.

त्याच मार्गावर गणपतीत, होळीत, उन्हाळ्यात स्पेशल गाड्या सुटतात. 'विशेष भाडे' असा शब्द जाहीर होतो. आरक्षित वर्गांत बहुतेक ठिकाणी तो मूळ भाड्यावर ३० टक्के वाढ असा असतो. पत्रकात गाडीचा नंबर, वेळ, थांबे आणि डब्यांची रचना असते. भाड्याचा आकडा नसतो. आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत जागा संपतात. त्या काही मिनिटांत माणसाने भाडे पाहायचे की जागा पकडायची?

हे ठरवून होते असा आरोप आम्ही करत नाही. होत राहते आणि कोणी थांबवत नाही, एवढे आम्ही पाहिले आहे.

नियम बदलण्याच्या वेगाबद्दलही बोलू.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी आली, त्याच दिवशी लांब पल्ल्याच्या गाड्यांची भाडी वाढली, आणि त्याच महिन्यात आरक्षण तक्ता चार तासांऐवजी आठ तास आधी लागू लागला. यातले काही बदल चांगले आहेत. तत्काळ आरक्षणात दलालांना पहिला अर्धा तास बाहेर ठेवणे चांगले आहे. तक्ता लवकर लागणे चांगले आहे.

पण चांगला नियमही माणसाला उंबरठ्यावर कळला तर तो त्याच्या उपयोगाचा नाही. गावाकडचा प्रवासी जुन्या हिशेबाने खिडकीवर येतो आणि परत जातो. त्याचा दिवस जातो. एसटीचे भाडे जाते.

यावर ठरलेले उत्तर आहे. 'माहिती ॲपवर उपलब्ध आहे.'

ॲप चांगले आहे. आमच्यातले हजारो लोक ते वापरतात. पण कलम ४९ मध्ये भिंत आहे. ज्याच्याकडे फोन नाही, ज्याच्या फोनमध्ये रिचार्ज नाही, ज्याला वाचताना बोट फिरवावे लागते, तोही भाडे भरतो. तोही मालक आहे. ॲपचे नाव सांगून त्याला परत पाठवणे यापुढे चालणार नाही.

आणि एक गोष्ट आहे, जिच्यापुढे भाड्याचा हिशेबही लहान आहे.

१५ फेब्रुवारी २०२५. नवी दिल्ली स्टेशन. कुंभाला निघालेली गर्दी. चेंगराचेंगरीत १८ माणसे गेली. प्रयागराजच्या नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणेमुळे प्रवाशांचा गोंधळ उडाला, असे दिल्ली पोलिसांनी सांगितले होते.

त्याआधी २२ जानेवारी २०२५. आमचाच जळगाव जिल्हा. पाचोऱ्याजवळ परधाडे. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली. माणसे शेजारच्या रुळांवर उतरली. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जण गेले.

आग नव्हती. 'आग नाही, जागेवर बसा' असे खात्रीने सांगणारा आवाज त्या डब्यात वेळेत पोहोचला नाही.

एका महिन्याच्या आत आम्ही हे दोन्ही पाहिले. म्हणून प्रवाशाला माहिती देणे ही सौजन्याची बाब आहे, असे आम्हाला कोणी सांगू नये. खरे आणि वेळेत सांगितलेले वाक्य माणूस वाचवते. ते न सांगणे ही चूक नाही. तो निष्काळजीपणा आहे, आणि त्याला जबाबदार माणूस असतो.

रोजच्या लोकलचेही तेच आहे, कमी तीव्रतेने. इंडिकेटरवर १५ डबे, येतात १२. लेडीज डब्यासाठी जिथे बायका उभ्या असतात, तिथून त्या पळत सुटतात. फलाट शेवटच्या मिनिटाला बदलतो. शेकडो माणसे एकाच जिन्याकडे वळतात. रविवारचा मेगाब्लॉक जाहीर होतो, पण या स्टेशनावरच्या कोणत्या गाड्या रद्द, याची यादी त्या स्टेशनावर लागत नाही. ३१ मे २०२४ पासून ठाणे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या कामासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला, ९०० हून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. काम आवश्यक होते. आम्ही सहन केले. कामाला आम्ही कधीच आडवे आलो नाही.

जमत नाही, असेही म्हणू नका. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट एकाच क्रमांकांचे होते. नवा माणूस एक नंबर विचारायचा आणि चुकीच्या एक नंबरवर उभा राहायचा. हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक मिळाले. गोंधळ मिटला. त्यासाठी नवा रूळ टाकावा लागला नाही. पाट्या बदलाव्या लागल्या.

म्हणजे इच्छा असेल तर होते.

काय हवे, ते पुन्हा सांगतो. यानंतर सांगणार नाही.

प्रत्येक तिकीट खिडकीजवळ मराठीत चालू भाडेतक्ता, खाली तो लागू झाल्याची तारीख. एसी लोकल, पहिला वर्ग, साधा वर्ग, पास, आणि चुकीच्या वर्गात सापडल्यास होणारा दंड, सगळे एका फलकावर. छापील आणि ऑनलाइन तिकिटावर भाड्याची फोड. कोकणाच्या तिकिटावर दोन्ही अंतरे. स्पेशल गाडी जाहीर करताना त्याच पत्रकात भाडे. वेटिंगच्या तिकिटावर त्याचा प्रकार कोणता आणि ते घेऊन कोणत्या डब्यात बसता येते, हे अक्षरांच्या संकेतात नव्हे, साध्या शब्दांत. ब्लॉकच्या किमान दोन दिवस आधी त्या त्या स्टेशनात रद्द गाड्यांची यादी. सारख्या नावाच्या गाड्यांची घोषणा आधी नंबराने.

आणि एक फलक प्रत्येक मोठ्या स्टेशनात, ठळक अक्षरांत. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळते. ई-तिकिटासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो. हा नियम तुमचाच आहे. तो बहुतेक प्रवाशांना माहीत नाही. जो हक्क वापरणाऱ्याला माहीत नाही, त्याचे पैसे तुमच्याकडेच राहतात.

तुम्ही सांगितले नाही, तर तो फलक आम्ही लिहू. स्टेशनाबाहेर, आमच्या जागेत, आमच्या खर्चाने.

३१व्या दिवशी काय होईल, तेही लपवत नाही.

रूळ अडवले जाणार नाहीत. गाडी अडली तर आत अडकतो तो आमच्यातलाच असतो. परीक्षेला निघालेला मुलगा असतो, टाटा रुग्णालयात केमोला निघालेला रुग्ण असतो. आणि आमच्यावर गुन्हे नोंदवून मूळ विषय बाजूला सारण्याची सोय आम्ही कोणाला करून देणार नाही.

त्या सकाळी आमच्या प्रत्येक स्टेशनात स्टेशन मास्तरांकडे लेखी अर्ज जाईल. कलम ४९ प्रमाणे असलेली वेळापत्रकाची प्रत दाखवा. भाडेतक्ता कुठे लावला आहे ते दाखवा. जे नसेल त्याची पंचांसमक्ष नोंद होईल. तारीख, वेळ, सह्या.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील. एका स्टेशनासाठी एक अर्ज, दहा रुपयांचा. भाडेतक्ता शेवटचा कधी लावला, कोणाच्या आदेशाने काढला, नवा का लागला नाही, जबाबदार अधिकारी कोण. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दिले नाही तर अपील. अपिलाची तयारीही झाली आहे.

त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नाशिक, जळगाव, पुणे. प्रत्येक जिल्ह्यात आमचे वकील आहेत, आमचेच सहप्रवासी आहेत. परताव्याची प्रकरणे रेल्वे दावा न्यायाधिकरणात जातील. कोणते कुठे जाते, हे आम्हाला समजते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी दिलेला निकाल तुमच्या विधी विभागाने पुन्हा वाचावा. जम्मूला चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीमुळे एका कुटुंबाचे विमान चुकले. उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते, हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे. नाहीतर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालय म्हणाले. त्या कुटुंबाला भरपाई मिळाली. ते एक कुटुंब होते.

आम्ही एक कुटुंब नाही.

स्टेशनांवरच्या नोंदी आणि अर्जांची उत्तरे एकत्र करून उच्च न्यायालयात जनहित याचिका जाईल. मागणी एकच असेल. संसदेने केलेला कायदा पाळा.

आणि एक दिवस, आधी जाहीर करून, आम्ही ॲप वापरणार नाही. यंत्रावर जाणार नाही. सगळे खिडकीवर येऊ. रांगेत, शिस्तीत, सुटे पैसे घेऊन. प्रत्येक जण तिकीट घेईल आणि प्रत्येक जण विचारेल, यात कशाचे किती. कायद्याने विचारता येते. उत्तर देण्यासाठी किती माणसे लागतील, याचा अंदाज तुम्ही आताच घ्यावा.

सल्लागार समित्यांवर आमची जी माणसे आहेत, ती या ३० दिवसांत एकाही बैठकीला बसणार नाहीत. भाडेतक्ता लागला की बसतील.

मध्यस्थ पाठवू नका. चहाला बोलावू नका. अभ्यास समिती नेमल्याचे पत्रक काढू नका. पहिल्या स्टेशनाच्या भिंतीवर पहिला फलक लावा. आम्हाला कळवायचीही गरज नाही. आम्ही तिथूनच रोज जातो.

या पत्राची प्रत रेल्वे मंत्रालयाला, राज्य सरकारला आणि आमच्या सर्व खासदारांना गेली आहे.

पत्र मिळाल्याची पोच सही-शिक्क्यानिशी आमच्याकडे राहील. ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातील.

आम्ही,
प्रवासी संघटनांची संयुक्त कृती समिती